टेक सेल्समध्ये नवीन लागलात? पहिल्या वर्षात काय करायचं, पायरी पायरीने

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कंपन्यांना सॉफ्टवेअर विकताना घ्यायचं की नाही हे तुमच्यासमोर ठरत नाही. तुम्ही डेमो देता, समोरचे चार-पाच जण माना डोलावतात, "छान आहे, आत बोलून कळवतो" म्हणतात आणि कॉल बंद होतो, आणि खरी मीटिंग त्यानंतर सुरू होते ज्यात तुम्ही नसता. तिथे तुमच्या बाजूने कोण बोलणार आहे आणि फायनान्सवाल्याने "हे नाही घेतलं तर काय बिघडेल" असं विचारलं तर त्या माणसाकडे उत्तर आहे का, एवढ्यावर तुमचं टार्गेट अवलंबून असतं. बोलणाऱ्याची मातीही खपते असं लहानपणापासून ऐकलेलं असतं त्यामुळे नवीन माणूस बोलण्यावर मेहनत घेतो, मीही दोन वर्षं तेच केलं, आणि फार उशिरा कळलं की मेहनत दुसरीकडे घ्यायची होती.

पायरी १: जॉइन व्हायच्या आधी पैशाचं गणित नीट समजून घ्या

ऑफरमध्ये जो मोठा आकडा दिसतो तो बहुतेक वेळा ओटीई असतो, म्हणजे ऑन-टार्गेट अर्निंग्स, म्हणजे टार्गेट पूर्ण मारलं तर वर्षाला जे मिळेल ते. त्यात काही भाग फिक्स, काही व्हेरिएबल. डील क्लोज करणाऱ्याला ५०-५० विभागणी बऱ्याच ठिकाणी असते, लीड, म्हणजे पुढे कस्टमर होऊ शकेल असा माणूस, शोधणाऱ्याला फिक्सचा वाटा जास्त, साधारण ७०-३० च्या आसपास. घरभाडं, हप्ते, जे काय असेल ते फक्त फिक्सवर बसवा. व्हेरिएबल आलं तर आलं असंच धरून चाला, निदान पहिलं वर्ष तरी.

मग हे विचारा, न लाजता: गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? (दहातल्या दोघांनी असं उत्तर आलं तर ओटीई हा फक्त कागदावरचा आकडा आहे हे समजा.) रॅम्प किती महिन्यांचा, म्हणजे सुरुवातीचे महिने कमी टार्गेट आहे का? टार्गेटच्या वर गेल्यावर कमिशनचा रेट वाढतो का, त्याला अॅक्सिलरेटर म्हणतात. कमिशन सही झाल्यावर मिळतं की कस्टमरचे पैसे आल्यावर? कस्टमर मध्येच सोडून गेला तर दिलेलं कमिशन परत घेतात का, त्याचं नाव क्लॉबॅक, आणि हे वाक्य कमिशन प्लॅनमध्ये जरा आतल्या पानावर असतं. नोकरी सोडली आणि आधी क्लोज केलेल्या डीलचे पैसे यायचे असतील तर काय? हे सगळं लेखी मागा. माझ्या एका नोकरीत प्लॅन वर्षाच्या मध्यात बदलला, जुना कुणाकडेच सेव्ह केलेला नव्हता, मग काय, भांडायला कागदच नाही.

हा टार्गेटचा छळ आजचा नाहीये बरं का. क्वोटा, ठरवून दिलेली टेरिटरी, पाठ करायची स्क्रिप्ट हे सगळं १९व्या शतकाच्या शेवटी एनसीआर नावाच्या कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत जॉन पॅटरसनने पद्धतशीर करून ठेवलं, तिथेच तयार झालेला थॉमस वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेला तिचं नाव पुढे १९२४ मध्ये आयबीएम झालं, आणि टेक कंपन्यांनी पुढे बरंचसं तेच वळण उचललं.

पायरी २: कोण काय करतो ते ओळखा

एसडीआर किंवा बीडीआर म्हणजे लीड शोधून मीटिंग लावणारा, बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. एई, अकाउंट एक्झिक्युटिव्ह, मीटिंगपासून सहीपर्यंत डील नेतो. प्रीसेल्स किंवा सेल्स इंजिनिअर टेक्निकल प्रश्न आणि डेमो सांभाळतो. सहीनंतर कस्टमर सक्सेस, आणि रिन्युअल, म्हणजे करार संपताना तो पुढे चालू ठेवणं, कुठे त्यांच्याकडे तर कुठे अकाउंट मॅनेजरकडे. छोट्या कंपनीत हे सगळं एकच माणूस करतो आणि त्याला फक्त "सेल्स" म्हणतात.

प्रीसेल्सवाल्यांना जपा. त्यांना कॉलच्या दहा मिनिटं आधी "अरे जरा ये ना" म्हणून ओढू नका, आधी कस्टमर कोण, त्रास काय, कुठे अडकेल हे चार ओळीत लिहून पाठवा. हे करणारे सेल्सवाले इतके कमी असतात की तुम्ही केलंत तर ते तुमच्यासाठी रात्री बसून पीओसी, म्हणजे कस्टमरच्या कामावर चालवून दाखवायचा छोटा नमुना, उभा करून देतील.

पायरी ३: पहिला महिना प्रॉडक्टवर कमी आणि कस्टमरवर जास्त घालवा

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला फीचर्स शिकवतील, स्लाइड्स देतील, सर्टिफिकेट पण देतील. ते करा, पण त्याच्या बाजूने तीन गोष्टी स्वतःहून करा ज्या कुणी सांगत नाही. रेकॉर्ड केलेले जुने कॉल्स ऐका, त्यातले जिंकलेले कमी आणि हरलेले जास्त. सपोर्टची तिकिटं वाचा, म्हणजे प्रॉडक्ट खरंच कुठे रडवतं ते कळेल आणि पुढे कस्टमरसमोर तोंडघशी पडणार नाही. आणि एक वही ठेवा ज्यात कस्टमर स्वतःचा त्रास ज्या शब्दात सांगतात ते शब्द जसेच्या तसे लिहायचे. आपली मार्केटिंग टीम म्हणते "युनिफाइड व्हिजिबिलिटी", आणि कस्टमर म्हणतो "कुठला आकडा खरा तेच कळत नाही". फोनवर कस्टमरचंच वाक्य चालतं.

पायरी ४: अनोळखी माणसाला फोन करणं

याची भीती सगळ्यांना वाटते, मलाही अजून पहिल्या कॉलच्या आधी दोनदा पाणी पिऊन यावंसं वाटतं. उपाय एकच, सकाळी एक ठरावीक तास ब्लॉक करायचा, आदल्या दिवशी यादी तयार ठेवायची आणि त्या तासात ना मेल बघायचा ना यादीत भर घालायची, कारण यादी "अजून जरा नीट" करणं हा कॉल टाळायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

सुरुवात साधी ठेवा. "नमस्कार, आपलं आधी कधी बोलणं झालेलं नाही, तीस सेकंद देता का, कशासाठी फोन केला ते सांगतो, नको वाटलं तर लगेच ठेवतो." बरेच लोक तीस सेकंद देतात. त्या तीस सेकंदात कंपनीची ओळख द्यायची नाही, त्यांच्यासारख्या माणसाला होणारा एक त्रास सांगायचा आणि विचारायचं की तुमच्याकडे असं होतं का. "नाही" आलं तर आभार मानून ठेवा. वाईट वाटून घेऊ नका, लवकर आलेलं नाही म्हणजे वाचलेले तीन महिने. खरा घात करतो तो "हो हो, पुढच्या महिन्यात बोलू" म्हणणारा गोड माणूस.

ईमेलचं एवढंच: चार-पाच ओळी, एक मुद्दा, एक प्रश्न. आणि "पाठवू नका" म्हटलं की थांबायचं. अमेरिकेत कॅन-स्पॅम कायदा २००३ पासून आहे, युरोपात जीडीपीआर मे २०१८ पासून लागू आहे, कुठल्या देशातल्या माणसाला मेल करताय त्याप्रमाणे नियम बदलतात, तर कुठूनतरी मिळवलेल्या याद्यांवर धडाधड मेल सोडायच्या आधी कंपनीत लीगलवाल्यांना विचारा.

पायरी ५: डिस्कव्हरी, म्हणजे घोडं कुठे पेंड खातंय ते शोधणं

इथे जरा रेंगाळतो कारण सगळी डील इथेच होते किंवा जाते. माझ्या एका कॉलचा तुकडा सांगतो, साधारण आठवतोय तसा.

"आम्हाला रिपोर्टिंग सुधारायचंय," मॅडम म्हणाल्या.
"आत्ता रिपोर्ट कसा बनतो?"
"चार टीमकडून चार एक्सेल येतात, मग ते एकत्र जोडायचे."
"जोडतं कोण?"
"मीच."
"कधी?"
"महिन्याच्या पहिल्या दोन रात्री."
"आणि त्यात एखादा आकडा चुकला तर?"

यावर त्या गप्प बसल्या. मला आतून खूप वाटत होतं की आता बोलावं, आमच्या टूलमध्ये ते कसं आपोआप होतं ते सांगावं, पण त्या दिवशी माझ्या मॅनेजरने चॅटवर लिहिलं "बोलू नको". सहा-सात सेकंद गेले असतील. मग त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांपूर्वी चुकला होता. आमच्या सीएफओंनी बोर्डासमोर तोच वाचून दाखवला."

झालं. "रिपोर्टिंग सुधारायचंय" यासाठी कुठलीही कंपनी पैसे काढत नाही, ते पुढच्या वर्षीही सुधारता येतं. पण बोर्डासमोर चुकीचा आकडा वाचला गेला हे सीएफओ, म्हणजे फायनान्सचा सगळ्यात वरचा माणूस, विसरलेला नसतो. आता पुढचे प्रश्न आपोआप सुचतात, त्यानंतर काय बदल केला, सीएफओ काय म्हणाले, हे पुन्हा होऊ नये याची जबाबदारी कुणावर आहे, त्यासाठी बजेट कुणाच्या खात्यातून येईल.

या प्रश्नांना साचे आहेत. बँट म्हणून एक जुना साचा आयबीएममधून आला, बजेट, अधिकार, गरज, वेळ हे चार बघायचे. मेडिक नावाचा दुसरा १९९० च्या दशकात पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झाला, त्यात फायदा आकड्यात किती, पैसे सोडणारा माणूस कोण, निर्णयाचे निकष काय, निर्णयाची पद्धत काय, दुखणं काय आणि आतून आपली बाजू मांडणारा कोण, असं सहा खणांचं बघतात. साचा पाठ करा पण तो फॉर्मसारखा भरून घेऊ नका. "आपलं बजेट किती आहे आणि निर्णय कोण घेतं?" असं दुसऱ्याच मिनिटाला विचारलं की समोरचा मिटून जातो.

पायरी ६: डेमो उलटा द्या

मी सुरुवातीला डेमो लॉगिन स्क्रीनपासून द्यायचो. मग सेटिंग्ज, मग युजर कसा अॅड करायचा, मग परवानग्या, चाळीस मिनिटं. एकदा शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "याची पीडीएफ निघते का?" निघत होती, ते बटण मी पस्तिसाव्या मिनिटाला दाखवलं होतं पण तोवर त्यांनी स्वतःचे मेल उघडले होते.

तर शेवट आधी दाखवा. त्या मॅडमना पहिल्या दोन मिनिटांत तयार झालेला रिपोर्ट दाखवायचा, तोही त्यांच्या चार टीमची नावं टाकून, आणि विचारायचं की महिन्याच्या एक तारखेला सकाळी हे असं मिळालं तर चालेल का. मग तो कसा बनला हे त्यांनी विचारलं तेवढंच दाखवायचं. न विचारलेली फीचर्स दाखवू नका, प्रत्येक जास्तीचं फीचर म्हणजे समोरच्याला "हे आम्हाला नकोय, मग याचे पैसे का द्यायचे" म्हणायला दिलेली संधी.

पायरी ७: आतला माणूस तयार करा, आणि एकावर थांबू नका

ज्याला सेल्सच्या भाषेत चॅम्पियन म्हणतात तो म्हणजे तुमच्याशी गोड बोलणारा माणूस नव्हे. चॅम्पियन तो, ज्याला हे झालं नाही तर स्वतःला त्रास आहे आणि ज्याचं आत कुणीतरी ऐकतं. ओळखायचं कसं? त्याला एक छोटं काम सांगा. "फायनान्समधल्या साहेबांशी वीस मिनिटांची गाठ घालून द्याल का?" घालून दिली तर चॅम्पियन, नाहीतर तो आपला फक्त श्रोता.

मग त्याच्यासाठी एका पानाचं टिपण तयार करा, तुमच्या लोगोशिवाय, त्याच्याच शब्दांत. आत्ता काय होतंय, त्यात किती वेळ आणि पैसा जातोय, काय बदलेल, किती खर्च, कधीपर्यंत. अर्धं लिहून त्यालाच म्हणायचं की यातलं चुकलेलं दुरुस्त करा. तो दुरुस्त करायला बसला की ते टिपण त्याचं होतं आणि तो ते आतल्या मीटिंगमध्ये नेतो. तीस पानांचं ब्रोशर कुणी नेत नाही हो.

आणि एकाच माणसावर डील टांगून ठेवू नका. मी एकदा सात आठवडे एकाच माणसाशी बोलत होतो, दोस्तीच झाली म्हणा ना, क्वार्टरच्या, म्हणजे टार्गेटच्या तिमाहीच्या, शेवटच्या पंधरवड्यात मेल केला तर मेल परत आला, अॅड्रेस बंद. तो नोकरी सोडून गेला होता. त्या कंपनीत दुसरं कुणी मला ओळखतच नव्हतं, नव्या माणसाने येऊन पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटी दुसऱ्याचंच टूल घेतलं. तेव्हापासून कमीत कमी तीन माणसं, तीन वेगवेगळ्या खात्यांतली.

पायरी ८: "हो" नंतरचा कागदी प्रवास

"आम्ही घेतोय" हे ऐकून नवीन माणूस घरी फोन करून सांगतो. थांबा. अजून सिक्युरिटी टीमची भलीमोठी प्रश्नावली यायचीय, ते डेटा सुरक्षित ठेवता याचा पुरावा म्हणून तुमच्या कंपनीचं आयएसओ २७००१ सर्टिफिकेट किंवा सॉक २ रिपोर्ट मागतील, मग लीगल करारावर लाल रेघा मारून पाठवेल, डेटा प्रोसेसिंगचा वेगळा करार असेल, मग प्रोक्युरमेंट, म्हणजे खरेदी खातं, येईल ज्यांचं कामच किंमत खाली आणणं आहे, मग व्हेंडर म्हणून नोंदणी. मोठ्या कंपनीत यात सहज महिना-दोन महिने जातात.

म्हणून डेमो आवडला त्याच आठवड्यात विचारा: "आमच्यासारखं सॉफ्टवेअर तुम्ही मागच्या वेळी घेतलं तेव्हा कुणाकुणाच्या सह्या लागल्या आणि किती दिवस गेले?" मग त्यांना हवी ती चालू होण्याची तारीख धरून उलटं मोजत या, कोणता कागद कोणाकडे कधी, हे एका शीटमध्ये दोघांनी मिळून लिहा. आणि सही करणारा त्या आठवड्यात सुट्टीवर नाही ना हेही विचारा, हसू नका, एक अख्खा क्वार्टर माझा असा गेलाय.

पायरी ९: सीआरएम आणि फोरकास्ट

सीआरएममध्ये, म्हणजे कस्टमर आणि डीलची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माहिती भरायचा सगळ्यांनाच कंटाळा. कॉल संपल्यावर पाच मिनिटांत भरा, शुक्रवारी भरायला बसलात की सगळे कॉल एकसारखे वाटतात.

फोरकास्टमध्ये, म्हणजे या क्वार्टरला किती येईल या अंदाजात, साधारण तीन कप्पे असतात: कमिट म्हणजे नक्की येणार, बेस्ट केस म्हणजे सगळं जुळलं तर, आणि बाकी पाइपलाइन, म्हणजे अजून बोलणी चालू असलेल्या डील्स. नवीन माणूस मॅनेजरला खूश करायला सगळं कमिटमध्ये टाकतो, बाजारात तुरी आणि इकडे मारामारी. सही करणाऱ्याशी तुमचं स्वतःचं बोलणं झालंय, त्याच्या तोंडून तारीख ऐकलीय आणि कागद कुठे आहे ते माहितीय, या तिन्हीला हो असेल तरच कमिट. डील सरकली तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगा. मॅनेजर वाईट बातमी सहन करतो, तीस तारखेला कळलेली वाईट बातमी नाही करत.

गणित फार सोपं आहे. चारातली एक डील जिंकता असं धरलं तर टार्गेटच्या चौपट पाइपलाइन लागते. आणि पहिल्या कॉलपासून सहीपर्यंत नव्वद दिवस लागत असतील तर या क्वार्टरमध्ये जे कापताय ते मागच्या क्वार्टरमध्ये पेरलेलं आहे. म्हणून क्वार्टरच्या शेवटी क्लोजिंगच्या गडबडीत नवीन कॉल्स बंद केले की पुढचे तीन महिने हात चोळत बसावं लागतं, हे चक्र मी स्वतः सलग तीनदा फिरलोय.

पायरी १०: क्वार्टर एंड, डिस्काउंट आणि तोंडी आश्वासनं

प्रत्येक कंपनीचं आर्थिक वर्ष डिसेंबरलाच संपतं असं नाही. मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, ओरॅकलचं ३१ मेला, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला. हे प्रोक्युरमेंटवाल्यांना चांगलं ठाऊक असतं आणि ते मुद्दाम शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. डिस्काउंट द्यावाच लागला तर फुकट देऊ नका, बदल्यात काहीतरी घ्या: दोन वर्षांचा करार, पैसे आगाऊ, अमुक तारखेच्या आत सही, किंवा दुसऱ्या कस्टमरशी आमच्याबद्दल बोलायची तयारी. मागितल्याबरोबर दहा टक्के सोडले तर समोरच्याच्या मनात येतं की अजून वीस नक्की असतील.

आणि हे मात्र लक्षात ठेवा, "सही करा, नाही आवडलं तर तीन महिन्यांनी रद्द करू, करारात लिहीत नाही पण माझा शब्द" असा मेल कधीही पाठवायचा नाही. याला साइड लेटर म्हणतात, यामुळे कंपनीचं उत्पन्न हिशोबात चुकीचं धरलं जातं आणि ऑडिटमध्ये सापडलं तर नोकरी जाते, कधीकधी प्रकरण त्याच्याही पुढे जातं. तसंच नसलेलं फीचर "पुढच्या रिलीजमध्ये येतंय" म्हणून विकणं. इंजिनिअरिंगवाले तुमचं नाव वर्षभर काढतील.

खराब क्वार्टर येणारच आहे. तेव्हा हरलेल्या प्रत्येक डीलमध्ये शेवटचं खरं बोलणं कोणाशी झालं होतं ते बघा, फार वेळा असं दिसेल की पैसे सोडणाऱ्या माणसाला तुम्ही भेटलाच नव्हतात. पण अख्ख्या टीमचंच टार्गेट सलग तीन-चार क्वार्टर चुकत असेल तर स्वतःला दोष देत बसू नका, तिथे प्रॉडक्ट किंवा टार्गेट यातलं एक चुकलेलं आहे, शांतपणे दुसरीकडे बघायला लागा.

पायरी ११: सही झाली, आता

दुसऱ्याच दिवशी कस्टमर सक्सेसवाल्याला घेऊन कॉल लावा आणि ते एका पानाचं टिपण त्याच्या हातात द्या, नाहीतर तो कस्टमरला तेच प्रश्न पहिल्यापासून विचारतो आणि कस्टमर वैतागतो. मग करार उघडा आणि रिन्युअलचं कलम वाचा. बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की रद्द करायचं असेल तर ६० किंवा ९० दिवस आधी नोटीस द्यायची, म्हणजे ठेवायचं की काढायचं यावरची त्यांची आतली मीटिंग त्याच्याही आधी होणार, आणि तिलाही तुम्ही नसणारच. ती साधारण कधी असेल याचा अंदाज घ्या आणि त्याच्या महिनाभर आधीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, त्या मॅडमच्या नावाने.